मेटल डिटेक्टर सिग्नल देतो, पण वस्तूची नेमकी जागा पुढेमागे चुकते

कडोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या बेळगावजवळच्या कडोली भागात भाताची रोप लावणी, भांगलण आणि बटाट्याची काढणी या कामांत शेतात दागिना पडला नाही असे वर्ष जात नाही. कुणाच्या कानातले फूल चिखलात जाते, तर कुणाची अंगठी ओल्या बोटातून निसटते. शिवाय रोटाव्हेटरचे तुटलेले पाते किंवा कुळवाच्या फासेचा तुकडा मातीत राहिला, तर तो कुणाच्या पायात किंवा ट्रॅक्टरच्या टायरमध्ये जाण्याआधी काढावा लागतो. माझ्याकडे मध्यम किमतीचा, एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा मेटल डिटेक्टर आहे आणि त्याला अकरा इंची लंबगोल डीडी कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तबकडी, आहे. शेजारपाजारच्या गावांतून बोलावणे आले, की तो घेऊन जातो.

खाली धातू आहे हे यंत्र बरोबर सांगते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण येते ती नेमकी जागा ठरवताना. नेमकी जागा दाखवण्यासाठी असलेले पिनपॉइंटचे बटण दाबून जिथे आवाज सर्वांत मोठा येतो, तिथे कॉइलच्या मध्याखाली खुरपे घातले, तर वस्तू बहुधा पाच-सहा बोटे पुढे किंवा मागे निघते. डावीउजवीकडे मात्र फारसा फरक पडत नाही. दुसरी गोष्ट अशी, की काही शेतांत बटण दाबून धरल्यावर आवाज आपोआप चढत जातो आणि कॉइल बाजूला नेली तरी चालूच राहतो. उभ्या पिकात खड्डा रुंद झाला की रोपे जातात आणि ज्याचे शेत आहे त्याचा चेहरा उतरतो, म्हणून तळहाताएवढ्या खड्ड्यात काम व्हावे अशी इच्छा आहे.

हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर घ्यावा असे काही जण सुचवतात, आणि मी तो घेईनही. परंतु त्याआधी मुख्य यंत्रानेच जागा अधिक अचूक कशी ठरवावी, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

तारेचे वेटोळे, टिळकवाडी

कडोलीकर, नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे थोडे मुळापासून लिहितो. लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

चूक पुढेमागे होते आणि डावीउजवीकडे होत नाही, असे आपण लिहिले आहे. या निरीक्षणातच कारण आलेले आहे. डीडी कॉइलच्या कवचात इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी, त्यांच्या सरळ कडा मधोमध एकमेकींवर थोड्या चढवून, बसवलेली असतात. एक वेटोळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्या क्षेत्रामुळे धातूत भोवरा प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षुल्लक क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. ही दोन वेटोळी जिथे एकमेकांवर येतात ती चिंचोळी पट्टी, म्हणजे कॉइलच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत जाणारी मधली रेघ, सर्वांत संवेदनशील असते. कॉन्सेन्ट्रिक प्रकारच्या कॉइलमध्ये गोल वेटोळी एकात एक असतात आणि तिचे क्षेत्र खाली निमुळते होत जाते, त्यामुळे तिथे आवाज सर्वांत मोठा आला की वस्तू मध्यबिंदूखाली आहे असे धरून चालता येते. डीडीचे क्षेत्र मात्र उभ्या धरलेल्या विळीच्या पात्यासारखे आहे: आडवे पाहिले तर धारेइतके अरुंद, पण लांबीला जवळजवळ पूर्ण कॉइलभर. अकरा इंच म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटर. उथळ वस्तू त्या रेघेखाली कुठेही असली, तरी आवाज जवळपास सारखाच येऊ शकतो. मग आपण मध्य धरून खुरपे घातले, तर वस्तू तेथून चौदा सेंटिमीटरपर्यंत पुढे किंवा मागे असण्याची शक्यता उरतेच. आपली पाच-सहा बोटे त्यातच बसतात.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. सिग्नल मिळाला की कॉइल डावीउजवीकडे आखूड फेऱ्यांनी हलवावी आणि आवाज जिथे बसतो तिथून जमिनीवर, आपल्या पायांपासून पुढे जाणारी एक रेघ मनात आखावी. त्यानंतर स्वतः त्या जागेभोवती काटकोनात वळून उभे राहावे आणि पुन्हा तशाच फेऱ्या माराव्यात. आता कॉइलची संवेदनशील पट्टी आधीच्या रेघेला आडवी आलेली असते, त्यामुळे पहिल्या वेळी जी दिशा संदिग्ध होती तीच या वेळी अरुंद होते, आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथे वस्तू असते. अनेक जण उभ्या जागेवरून हात तिरका करून कॉइल पुढेमागे ढकलतात आणि त्यालाच दुसरी दिशा समजतात. तसे करून चालत नाही, कारण पट्टीची दिशा त्याने बदलत नाही. पायाने वळायलाच हवे.

फेरी मारताना आणखी एक बारकावा आहे. ज्या मोडमध्ये कॉइल हलती ठेवावी लागते, त्यात यंत्र जमिनीचा संथ प्रतिसाद गाळून टाकते आणि त्या गाळण्याला किंचित वेळ लागतो, म्हणून आवाज वस्तूवरून कॉइल गेल्यानंतर क्षणभराने येतो. डावीकडून उजवीकडे जाताना जागा थोडी उजवीकडे सरकलेली भासते आणि परतताना थोडी डावीकडे. फेरी जितकी वेगवान, तितका हा फरक मोठा. दोन्ही बाजूंनी जाताना जिथे जिथे आवाज आला, त्या दोन जागांचा मध्य खरा धरावा आणि फेरी आखूड व संथ करत जावी, म्हणजे त्या दोन जागा एकमेकींजवळ येतात.

आता बटणाविषयी. पिनपॉइंट मोडमध्ये कॉइल स्थिर असली तरी आवाज येतो, धातूंची निवड बंद होते आणि वस्तू जवळ येईल तसा आवाज चढतो. बटण दाबण्याच्या क्षणी कॉइलखाली जे काही असेल, त्याला यंत्र शून्य मानते. त्यामुळे बटण सिग्नलच्या जागेपासून हातभर बाजूला, पण त्याच मातीवर आणि त्याच उंचीवर कॉइल धरून दाबावे आणि मग कॉइल सिग्नलकडे सरकवत आणावी. उंची बदलली की जमिनीचा प्रतिसाद बदलतो आणि आवाजावर विश्वास ठेवता येत नाही. आवाज फार रुंद जागेवर येत असेल तर याच गुणाचा उलटा उपयोग करता येतो: कॉइल वस्तूच्या अगदी जवळ, पण तिच्यावर नाही अशा ठिकाणी आणून बटण सोडावे आणि पुन्हा दाबावे. आता त्या ठिकाणचा प्रतिसाद शून्य धरला जातो आणि फक्त त्याहून जोरदार असा मधला भागच वाजतो. असे दोनदा केले की रुंद आवाज एका लहान ठिपक्याएवढा होतो. वस्तू खोल असेल तर मात्र हा प्रयोग जपून करावा, कारण तिचा मुळातच क्षीण असलेला प्रतिसाद पूर्ण पुसला जाऊ शकतो.

डीडी कॉइल वापरणाऱ्याने बटणापेक्षाही टोकाची पद्धत अंगवळणी पाडावी, असे माझे मत आहे. हलत्या मोडमध्ये कॉइल वस्तूवर अगदी आखूड फेऱ्यांनी हलवत हलवत सरळ स्वतःकडे मागे ओढावी. जोवर पट्टीचा कुठलाही भाग वस्तूवर आहे तोवर सिग्नल येत राहतो आणि टोक मागे सरकले की तो एकाएकी तुटतो. तो तुटला त्या क्षणी वस्तू कॉइलच्या पुढच्या कडेपाशी असते. नेमकी कडेखाली, की कडेच्या दोन बोटे पुढे, हे प्रत्येक कॉइलचे वेगळे असते आणि खोलीप्रमाणेही थोडे बदलते, म्हणून ते घरीच तपासून घ्यावे. अंगणात धातू नसलेली जागा शोधून तिथे एक नाणे ठेवावे, त्यावर लाकडी फळी ठेवावी आणि सिग्नल तुटल्यावर कॉइलच्या टोकापाशी फळीवर खडूने खूण करून नाण्याशी ताडून पाहावे. फळीखाली विटा लावून उंची वाढवली की खोल वस्तूचाही अंदाज येतो. विटांवरून आठवले: त्या शक्यतो कॉइलच्या फेरीबाहेर ठेवाव्यात, कारण भाजलेली वीट स्वतःच गोंधळ घालू शकते. नाणेही विचारपूर्वक निवडावे. आजची एक आणि दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात आणि यंत्र त्यांना लोखंडाच्या बाजूला टाकू शकते. सरावासाठी निकेल-पितळेचे पिवळे पाच रुपयांचे नाणे बरे.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण तयार करून वापरले होते. उपकरण चालत होते. परंतु पलंगाच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी अडथळा आणला आणि गोळी उजवीकडेच आहे असे मानणाऱ्या डॉक्टरांनी तेवढीच बाजू तपासू दिली. शवविच्छेदनात ती डावीकडे निघाली. एकाच बाजूने फेरी मारून जागा ठरवणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी ऐकवतो.

जांभ्याचा माळ, खानापूर

वेटोळे सरांनी कॉइलविषयी लिहिले त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. आपोआप चढणाऱ्या आवाजाबद्दल लिहितो, कारण आमच्या खानापूर भागातील तांबड्या मातीत हा अनुभव रोजचा आहे.

जांभ्यापासून झालेल्या मातीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात आणि त्यांतील काही चुंबकीय गुणाची असतात. बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या मातीतही मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, म्हणजे चिक्कोडी-निपाणीकडची काळी जमीनही या बाबतीत अगदी निरुपद्रवी नाही. हलत्या मोडमध्ये यंत्र जमिनीचा हा प्रतिसाद गाळून टाकते. पिनपॉइंट मोडमध्ये गाळणी नसते, म्हणून कॉइल दोन सेंटिमीटर खाली गेली तरी यंत्राला ते धातू जवळ आल्यासारखे वाटते. बटण दाबून धरून आपण वाकून पाहू लागलो की हात नकळत खाली जातो आणि आवाज चढू लागतो. शिवाय बटण फार वेळ दाबून ठेवले, तर यंत्राचे शून्यही हळूहळू सरकते. बटण थोडा वेळच दाबावे, आवाज भरकटू लागला की सोडून पुन्हा बाजूला जाऊन दाबावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद यंत्राने सोडून द्यावा यासाठीची जुळणी. आपल्या यंत्रात तो हाताने किंवा बटण धरून करण्याची सोय असेल, तर धातू नाही अशी जागा निवडावी, कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ते साधारण तीस सेंटिमीटर अशी सरळ वरखाली करावी आणि दोन्ही वेळी आवाज सारखा, जवळजवळ नाहीसा होईपर्यंत बॅलन्स जुळवावा. शेतात शिरताना एकदा केला म्हणजे दिवसाचे काम झाले, असे समजू नये. आमच्याकडे एकाच शेतात खालच्या वाफ्यात गाळाची माती, बांधावर जांभ्याचे चिरे आणि वरच्या अंगाला मुरूम असतो. माती बदलली की बॅलन्स पुन्हा करावा लागतो. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, सगळ्यात वर ठेवण्याचा मोहही आवरावा. थोडी कमी केली तर खोलीत किंचित तोटा होतो, पण जी वस्तू सापडते तिची जागा स्वच्छ कळते.

आता खानापुरी वैताग: कौले आणि विटा. या भागात कौलांचे कारखाने आणि वीटभट्ट्या पूर्वापार आहेत, आणि पडक्या घरांची खापरे शेणखताबरोबर शेतात पसरलेली असतात. लोहयुक्त माती भट्टीत भाजली गेली की तिच्यातील लोहसंयुगांचे रूप बदलते आणि ती कच्च्या मातीपेक्षा अधिक चुंबकीय होते. त्यामुळे कौलाचा मूठभर तुकडा सिग्नल देतो. हा सिग्नल ओळखण्याची माझी पद्धत अशी, की चारही दिशांनी फेरी मारून पाहावी आणि कॉइल चार बोटे वर उचलून पुन्हा पाहावी. बऱ्यापैकी मोठ्या धातूचा सिग्नल चारही बाजूंनी एकाच ठिकाणी बसतो आणि उचलल्यावर क्षीण होत जात असला तरी जागा सोडत नाही. खापराचा सिग्नल एका दिशेने येतो, दुसरीने घसरतो आणि कॉइल थोडी उचलताच विरून जातो. अर्थात बारीक सोन्याचा सिग्नलही उचलल्यावर विरतोच, त्यामुळे दागिना शोधताना एवढ्यावरून निकाल देऊन निघून जाऊ नये.

विजेचाही त्रास होतो. चालू मोटारपंप, डोक्यावरून जाणारी लाइन आणि रानडुकरे-गव्यांसाठी लावलेले झटक्याचे कुंपण यांनी यंत्र टकटक वाजत राहते. कुंपण आणि मोटार थोडा वेळ बंद करायला शेतकऱ्याला सांगावे, कुणी नाही म्हणत नाही. स्वतःचा मोबाइलही कॉइलपासून लांब असावा.

सराफकट्टा, निपाणी

आपण दागिने शोधता म्हणून दोन गोष्टी सांगतो. यंत्र माझ्याकडे नाही. पण शेतात हरवलेल्या वस्तू मोडीला किंवा दुरुस्तीला येतात तेव्हा त्या कशा, किती खोलीवर मिळाल्या हे गिऱ्हाईक सांगतेच, आणि माझा मेहुणा असे यंत्र वापरत असल्याने आमची त्यावर बरीच चर्चा होत असते.

अखंड अंगठीतून भोवरा प्रवाह पूर्ण वळसा घेऊ शकतो, म्हणून ती तिच्या वजनाच्या मानाने जोरदार सिग्नल देते. तीच अंगठी कापली गेली किंवा तिचा सांधा उघडला, की सिग्नल बराच पडतो. बारीक साखळीचे तसेच आहे. साखळी भले दोन तोळ्यांची असो, यंत्राला ती सलग वस्तू म्हणून दिसत नाही, कारण कड्यांमधला विद्युत संपर्क सैल असतो आणि यंत्रापुढे असंख्य इवल्या कड्यांचा एकेकटा प्रतिसाद येतो. मंगळसूत्रातील काळे मणी तर यंत्राच्या दृष्टीने नसल्यासारखेच. सिग्नल येतो तो वाट्यांचा. त्यामुळे मंगळसूत्र शोधताना आपण ठरवलेली जागा ही वाट्यांची जागा असते आणि सर तिथून हातभर लांब पसरलेला असू शकतो. खुरपे घालण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, नाहीतर सर तुटून मणी विखुरतात आणि घरच्या बाईला वाट्यांपेक्षा त्याचेच अधिक वाईट वाटते.

दुसरे असे, की लहान सोन्याचा प्रतिसाद ॲल्युमिनियमच्या कपच्यांच्या जवळपास येतो. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा कंटाळा येऊन कुणी तो भाग यंत्रातून वगळून टाकला, तर फुले आणि नथही त्याबरोबर वगळली जातात. लहान सोन्यासाठी अधिक फ्रिक्वेन्सीचे यंत्र उजवे ठरते, असे मेहुण्याचे म्हणणे आहे. ते कितपत खरे ते वेटोळे सरांनी सांगावे.

तारेचे वेटोळे, टिळकवाडी

मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे. बारीक, पातळ किंवा कमी वाहक वस्तूंमधील भोवरा प्रवाह फार लवकर विरतात, आणि अधिक फ्रिक्वेन्सीवर त्यांचा प्रतिसाद सुधारतो. त्याची किंमत म्हणजे चुंबकीय मातीचा त्रासही काहीसा वाढतो.

जुने दगड, शहापूर

विषय तंत्राचा आहे हे मान्य करून एक सूचना करतो; ती अस्थानी वाटू नये. शेतात शेजारणीची अंगठी शोधणे आणि जुन्या ठिकाणी नाण्यांसाठी यंत्र फिरवणे यांत फरक आहे, आणि आपला भाग जुन्या ठिकाणांनी भरलेला आहे. बेळगावला लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथे उत्खननात सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली आहे. हलशी ही कदंबांची राजधानी होती. किल्ले तर पावलोपावली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय खणता येत नाही. जमिनीत दडलेल्या धनाविषयी १८७८ चा निखात निधी कायदा आहे आणि कर्नाटकाने १९६२ मध्ये आपला वेगळा कायदा केला. अशी वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे भाग आहे, मग शेत स्वतःचे असले तरी. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. दागिना शोधताना जुने नाणे किंवा मूर्ती लागली, तर ती उपसू नये, पुसू तर मुळीच नये. ती कोणत्या थरात, कशाशेजारी होती याला वस्तूइतकेच मोल असते. खणणे तिथेच थांबवावे आणि कळवावे.

कडोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. जुने दगड यांनी लिहिलेले ध्यानात ठेवतो; मी बोलावल्याशिवाय कुणाच्या शेतात जात नाही आणि किल्ल्याच्या वाटेला तर यंत्र घेऊन जातच नाही.

काटकोनात वळण्याची पद्धत आणि टोकाची पद्धत, दोन्ही सपाट वाफ्यात वापरून पाहिल्या. खड्डा बराच लहान झाला आहे. मात्र दोन शंका उरल्या आहेत. उसाच्या सरीत ही पद्धत नीट लागू होत नाही, कारण कॉइल वरंब्यावर टेकते आणि सपाट राहत नाही. दुसरे म्हणजे, पडद्यावर दिसणारा खोलीचा आकडा किती प्रमाण मानावा? एका लोखंडी फासेला यंत्राने दहा सेंटिमीटर दाखवले आणि ती त्याहून कितीतरी खोल निघाली.

तारेचे वेटोळे, टिळकवाडी

आधी आकड्याचे. खाली नाण्याएवढी वस्तू आहे असे गृहीत धरून यंत्र सिग्नलच्या जोरावरून खोली काढते. वस्तू नाण्याहून मोठी असेल तर सिग्नल जोरदार येतो आणि यंत्र तिला उथळ समजते. वस्तू नाण्याहून लहान असेल तर उलट. लहान वस्तूचा प्रतिसाद अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की तो चौसष्ट पटींनी कमी होतो, हे लक्षात घेतले तर सिग्नलच्या जोरावरून आकार न कळता खोली सांगणे किती कठीण आहे हे पटेल. आपली फास मोठी होती, त्यामुळे ती यंत्राला जवळ भासली. आकड्यापेक्षा कॉइल हळूहळू वर उचलून पाहणे अधिक उपयोगी पडते. पुष्कळ उंचीवरही आवाज टिकला तर वस्तू मोठी आहे, आणि अशा वस्तूचे केंद्रही उचललेल्या कॉइलनेच शोधावे. जमिनीलगत ती सर्वदूर वाजते. उचलत गेले की आवाज आकसत जातो आणि जेमतेम ऐकू येईल इतका उरतो, तेव्हा कॉइल वस्तूच्या मध्यावर असते. लांब खिळा किंवा पाते आडवे पडले असेल, तर दोन्ही टोकांना दोन वेगळे आवाज येतात आणि दोन वस्तू असल्याचा भास होतो. त्या दोन आवाजांच्या मध्ये खणावे.

आता सरीचे. कॉइल कलली की तिची संवेदनशील पट्टीही कलते आणि ती सरळ खाली न पाहता तिरके पाहू लागते. हिशेब सोपा आहे: वस्तू वीस सेंटिमीटर खोल असेल आणि कॉइल पंधरा अंशांनी कललेली असेल, तर जागा सुमारे साडेपाच सेंटिमीटरने चुकते. कल कमी केला तर चूकही कमी. दहा अंशांना ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. वरंब्याच्या उताराला समांतर कॉइल धरून फेऱ्या मारू नयेत. सरीच्या तळाशी, सरीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून उभे राहावे आणि कॉइलचा दांडा असा लावावा, की कॉइल क्षितिजाला समांतर राहील, भले तिच्या एका कडेखाली पोकळी राहिली तरी चालेल. थोडी खोली गमवावी लागेल, पण जागा बरोबर कळेल. अशा ठिकाणी सहा इंची लहान कॉइल फार सोयीची असते: ती सरीत मावते, तिची पट्टी आखूड असल्यामुळे पुढेमागेची चूकही आपोआप घटते आणि खिळ्यांनी भरलेल्या जागी शेजारच्या लोखंडामुळे दागिना झाकला जाण्याची शक्यताही कमी होते. पहिला खर्च कशावर करावा असे मला विचाराल, तर मी आधी ती कॉइल आणि मग हातातला पिनपॉइंटर सांगेन. इतरांचे मत वेगळे असू शकेल.

जांभ्याचा माळ, खानापूर

माझे मत वेगळे आहे. लहान कॉइल चांगलीच, पण तळहाताएवढ्या खड्ड्यात काम करायचे तर आधी पिनपॉइंटर. त्याची पोहोच काही बोटांचीच असते, म्हणून मुख्य यंत्राने जागा बरोबर दाखवलेली असली पाहिजे, हे सरांचे म्हणणे मान्य. पण एकदा माती उघडली की मोठ्या कॉइलचा उपयोग संपतो आणि खड्ड्याच्या कोणत्या भिंतीत वस्तू आहे हे पिनपॉइंटरच सांगतो. टोक पुढे घालून तळ पाहावा आणि अंग भिंतींना लावून गोल फिरवावे. मुख्य यंत्र त्या वेळी बंद करावे किंवा चार पावले लांब ठेवावे, नाहीतर दोघे एकमेकांना त्रास देतात.

पिनपॉइंटर येईपर्यंत कडोलीकरांनी असे करावे. उभ्या पिकात कुदळ नको. खुरप्याने तीन बाजूंनी माती कापून चौथी बाजू तशीच ठेवावी आणि ढेकूळ झाकणासारखे उलटवावे, म्हणजे मुळांसकट ते पुन्हा जागेवर बसवता येते. मग आधी खड्ड्यावर कॉइल फिरवून वस्तू आत उरली आहे की मातीबरोबर बाहेर आली आहे ते पाहावे. बाहेर आली असेल तर कॉइल बाजूला जमिनीवर पालथी, वरची बाजू खाली करून ठेवावी आणि माती मूठमूठ घेऊन तिच्यावरून हलवत न्यावी; वस्तू ज्या मुठीत असेल ती मूठ वाजेल. हातातले कडे, अंगठी आणि घड्याळ आधी काढून खिशात नव्हे, पिशवीत ठेवावे, आणि खुरपे कॉइलपासून दूर ठेवावे. चिखलाची माती असेल तर ती मुठीत घट्ट दाबू नये, कारण कानातले फूल वाकते आणि नंतर सराफकट्ट्यांकडे जावे लागते.